स्ट्रॅटचे पिकअप बदलायचे आहेत : गणपतीतली सुगम गाणी, ब्लूज आणि हेवी, तिन्हीला चालेल असं काय घ्यावं?

सहा_तारा (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे. तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन विजेत पकडणारे, एका वेटोळ्याचे), कुठला पिकअप चालू ते निवडणारा पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम, दोन टोन. मान सरळ आहे, फ्रेट नुकत्याच घासून सारख्या करून घेतल्या आहेत, सूर धरून राहते. त्यामुळे गिटार बदलायची नाही. आवाज मात्र मनासारखा येत नाही. ब्रिजचा (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिथला) पिकअप कानाला टोचतो, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलं की आवाज पसरतो, घुमतो, मध्येच शिट्टीही वाजते.

माझं वाजवणं तीन प्रकारचं आहे. गणेशोत्सवात राजेंद्रनगर, लोकमान्यनगर भागातल्या मंडळांत भावगीतं, नाट्यगीतं, जुनी सिनेमातली गाणी यांना साथ करतो. घरी एकटा असलो की ब्लूज. आणि मित्रांच्या बँडमध्ये हेवी मेटल, सहावी तार डी पर्यंत उतरवून. गिटार थेट मल्टिइफेक्ट प्रोसेसरमध्ये जाते, तिथून मिक्सरला किंवा छोट्या अँपला.

सध्या एकाच चांगल्या पिकअपचे पैसे जमले आहेत. दुकानात सांगितलं की जास्त किलोओहमचा घ्या, तो दमदार असतो. खरंच एवढं सोपं आहे का?


जडतार (इंदूर)

हेवी वाजवायचं असेल तर ब्रिजला हंबकर (दोन कॉइलचा, गुणगुण घालवणारा पिकअप) हवाच, यात दुमत नाही. सिंगल कॉइलवर गेन (सिग्नलची वाढ) वाढवला की गुणगुण आधी वाढते, नोट नंतर. सेमूर डंकनचा जेबी किंवा डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन बघ. सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासून आहे, आणि गिटार कंपनीचा मूळ पिकअप काढून दुसरा बसवायचा ही पद्धतच त्यानं रुळवली. सिरॅमिक चुंबक, जाड मिड (मधले सूर). पॉवर कॉर्ड दाबून वाजवलीस की अंगावर येते.


मालवी_मीटर (इंदूर)

दुकानातल्या सल्ल्याबद्दल आधी बोलतो, कारण त्या एका आकड्यावर विसंबून बरेच लोक पैसे घालवतात.

किलोओहम म्हणजे कॉइलच्या तारेचा विरोध. तार तांब्याची असते आणि केसाहून बारीक. नेहमीची ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिमी जाडीची. कॉइलवर हजारो वेढे असतात. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपवर ८,००० च्या आसपास. वेढे वाढवले की विरोध वाढतो आणि आउटपुटही वाढतं, इतपत दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. पण वेढे तेवढेच ठेवून ४४ गेजची बारीक तार वापरली तरीही विरोध दीडपटीहून जास्त होतो, आणि आउटपुट तेवढं वाढत नाही. चुंबक कुठलं आहे हे तर मीटरला कळतही नाही. शिवाय तांब्याचा विरोध दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २० अंशाला ७.५ किलोओहम दाखवणारा पिकअप आपल्या इंदूरच्या मे महिन्यात, ४० अंशाला, ८.१ दाखवेल. तोच पिकअप, तोच आवाज.

म्हणून हा आकडा एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या दोन पिकअपची तुलना करायला वापरा. वेगवेगळ्या जातींना लावू नका.

आवाजाचा रंग ठरवणारी खरी गोष्ट म्हणजे इंडक्टन्स (बदलत्या विजेला अडवायचा कॉइलचा गुण), आणि तिच्याशी जोडलेली केबल. पिकअपचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) मिळून एक फिल्टर तयार होतो. त्या फिल्टरचा उंचवटा ज्या फ्रिक्वेन्सीला येतो, तिथे पिकअप चमकतो आणि त्याच्या वर सगळं झपाट्याने कापलं जातं. केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरची केबल आणि पिकअपची स्वतःची थोडी मिळून ७०० झाली. आता हिशेब :

स्ट्रॅटचा जुन्या धाटणीचा सिंगल कॉइल, साधारण २.४ हेन्री : उंचवटा ३.९ किलोहर्ट्झच्या आसपास.
जुन्या धाटणीचा हंबकर, साधारण ४.५ हेन्री : २.८ किलोहर्ट्झ.
भरपूर वेढ्यांचा गरम हंबकर, साधारण ८ हेन्री : २.१ किलोहर्ट्झ.

स्ट्रॅट काचेसारखा का वाजतो आणि गरम हंबकर मिडमध्ये का गुरगुरतो, याचं बरंचसं उत्तर या तीन ओळींत आहे. आणि तीन मीटरची केबल लावली तर तोच स्ट्रॅट पिकअप ५ किलोहर्ट्झच्या वर जातो. म्हणजे ‘टोचतो’ हे पिकअपचं दुखणं आहे की आखूड केबलचं, हे आधी पाहायला हवं.

पिकअप विकत घ्यायच्या आधी एक काम करा, त्याला पैसे लागत नाहीत. शेवटची फ्रेट दाबून धरा आणि तार ते पोल (पिकअपमधला तारेखालचा धातूचा खिळा) हे अंतर मोजा. साध्या सिंगल कॉइलला जाड तारेखाली २ मिमी आणि बारीक तारेखाली १.६ मिमी ही फेंडरची सुरुवातीची मापं आहेत. तिथून स्क्रू अर्धा-अर्धा फिरवत कानाने ठरवा. तुमच्या तारा कुठल्या गेजच्या, केबल किती लांब, आणि पिकगार्डखाली (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) लाकडातली खाच कशी आहे, हे कळवा.


सहा_तारा

मीटरदादा, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तारा ९ ते ४२ (इंचाचे हजारावे भाग). केबल तीन मीटरची. पिकगार्ड रविवारी उघडतो.


गरबा_गिटार (वडोदरा)

मी नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतो, आणि तुमच्या गणपतीच्या कार्यक्रमांची अवस्था आमच्यासारखीच असणार, म्हणून लिहितो. मांडव, जनरेटर, दिव्यांचे डिमर, सगळ्यांची वायर एकाच बाजूने ओढलेली. अशा ठिकाणी सिंगल कॉइलची गुणगुण घरच्यापेक्षा कितीतरी जास्त येते.

यात दोन वेगळे आवाज असतात, ते ओळखायला शिका. एक जाड ‘हूऽऽ’, वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झचा आणि त्याच्या पटींचा. तो ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून कॉइलमध्ये शिरतो. गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवून तो जात नाही. त्याला दुसरी कॉइलच हवी, म्हणजे हंबकर किंवा एकावर एक कॉइल असलेला नॉइजलेस सिंगल. दुसरा बारीक ‘झर्रर्र’, तारांना हात लावला की कमी होणारा. तो तांब्याच्या पट्टीने आणि नीट अर्थिंगने बराच जातो.

स्टेजवर माझ्या गिटारवर स्विचच्या दोन आणि चार नंबरच्या जागा सर्वांत जास्त चालतात, कारण मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा आहे. शेजारच्या पिकअपबरोबर तो जोडला की दोन्ही एकमेकांची गुणगुण मारून टाकतात. स्वस्त गिटारींत कधी कधी तिन्ही पिकअप सारखेच बसवलेले असतात आणि हा फायदा मिळत नाही. तुमच्याकडे काय आहे ते बघा : दोन नंबरवर गुणगुण एकदम कमी होत असेल तर मधला उलटा आहे.

आणि कृपा करून गिटार कधीही सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावू नका. पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) पिकअपला पुढे १ मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. मिक्सरचं लाइन इनपुट त्याच्या कितीतरी खाली असतं, वरचे सूर तिथेच मरतात, आणि मग लोक म्हणतात पिकअप बोथट आहे. प्रोसेसर मध्ये असला तर तो ही गरज भागवतो. प्रोसेसर नसेल त्या दिवशी डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) हवाच.


चौथी_तार (इंदूर)

सहा_तारा, तुमच्या यादीत ब्लूज आहे म्हणून मी नेकच्या (मानेजवळच्या पिकअपच्या) बाजूने बोलते. सगळे ब्रिजबद्दलच लिहिताहेत.

तुमचे पिकअप बहुधा सिरॅमिकचे असतील : खाली एक चपटं चुंबक चिकटवलेलं आणि वर लोखंडी पोल. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपमध्ये पोल स्वतःच अल्निकोचे चुंबक असतात, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचा मिश्रधातू. सिरॅमिक वाईट आणि अल्निको चांगलं असं मी म्हणणार नाही. उत्तम सिरॅमिक हंबकर आहेत. पण सिंगल कॉइलमध्ये मधलं लोखंड इंडक्टन्स वाढवतं आणि वरचा नाजूक भाग थोडा खातं. बोटांनी हळू वाजवलं आणि जोरात वाजवलं यातला फरक अल्निकोवर जास्त मोकळा ऐकू येतो. ब्लूजमध्ये मला तोच फरक हवा असतो. व्हॉल्यूम सातवर आणून वाजवा, मग कळेल कुठला पिकअप तुमच्या हाताला उत्तर देतो.

अल्निकोतही दोन नंबरचं नरम आणि गोल, पाच नंबरचं घट्ट आणि चमकदार. भावगीताच्या साथीला, गायिकेच्या आवाजाखाली बसायचं असेल तर नेकला अल्निको दोन फार गोड लागतं. पेटी आणि गिटार एकाच पट्टीत भांडत नाहीत.

आणखी एक पर्याय इथे कुणी काढला नाही : पी-९०. गिब्सनचा हा पिकअप १९४६ चा. सिंगल कॉइल, पण रुंद आणि भरपूर वेढ्यांची, मिड खरबरीत. ब्लूजसाठी माझा जीव त्यावर आहे. हंबकरच्या आकारात बनवलेले पी-९०ही मिळतात. गुणगुण मात्र सिंगल कॉइलचीच, त्यामुळे मांडवात नेणार असाल तर गरबादादांचं आधी ऐका.


लष्करवाला (ग्वाल्हेर)

मी इलेक्ट्रिक गिटारवर राग वाजवतो, तार ओढून मींड घेतो. पिकअपवरच्या चर्चांत या वाजवण्याचा विचार फारसा कुणी करत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा पहिला यशस्वी पिकअप खरं तर मांडीवर ठेवून वाजवायच्या स्लाइड गिटारवर आला, रिकनबॅकरच्या, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे सरकत्या सुराशी या यंत्राचं नातं पहिल्यापासूनच आहे.

मींडेला दोन गोष्टी बाधतात. पहिली, चुंबकाची ओढ. अल्निको पाचचे सरळ पोल तारेच्या फार जवळ असले, विशेषतः नेकला, तर ते तारेला खेचतात. जाड तारेवर वरच्या फ्रेटला सूर डुगडुगतो, एका सुरात दोन सूर ऐकू येतात. ख्यालाच्या अंगाने लांब षड्ज धरायचा असेल तर हे सहन होत नाही. नेकचा पिकअप खाली उतरवा, आवाज कमी झाला तर पुढे वाढवा. सूर आधी.

दुसरी, पोलमधलं अंतर. तार दोन-तीन सूर वर ओढली की ती आपल्या पोलवरून सरकून दोन पोलच्या मध्ये जाते. काही पिकअपवर तिथे आवाज किंचित बसतो. पोलऐवजी सलग पट्टी असलेल्या पिकअपवर असं होत नाही. सिंगल कॉइलच्याच मापात बसणारे पट्टीचे हंबकर मिळतात, डंकनचा हॉट रेल्स किंवा डिमार्झिओचा फास्ट ट्रॅक. लाकूड कापावं लागत नाही आणि गुणगुणही जाते. नाट्यगीतात गायकाच्या मागोमाग तान घेणार असाल तर याचा विचार जरूर करा.

ब्रिज आणि नेक यांचं काम वेगळं का, हेही सांगतो. ब्रिजजवळ तार कमी हलते, तिथे वरचे स्वरांश जास्त आणि मूळ सूर कमी. नेकजवळ तार मोकळी झुलते. म्हणून ब्रिजचा पिकअप जास्त वेढ्यांचा करतात, आणि म्हणूनच तिन्ही जागी एकच पिकअप टाकू नये.


जडतार

मीटरदादांचा हिशेब पटला. पण एक मुद्दा मी सोडणार नाही. प्रोसेसरमध्ये गेन हवा तेवढा आहे, मग गरम पिकअप कशाला, असं आता कुणीतरी म्हणेलच. हेवीमध्ये प्रश्न गेनचा नाही, पिकच्या पहिल्या आघाताचा आहे. तार डीला उतरवली की ती सैल होते. उजव्या हाताचा तळवा ब्रिजवर दाबून जलद वाजवताना प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे. त्यासाठी खालचा भाग आवळलेला लागतो, आणि चांगला सिरॅमिक हंबकर तो देतो. म्हणूनच ईएमजी ८१ इतकी वर्षं ब्रिजला टिकला आहे. त्यात सिरॅमिक चुंबक आहे, आत प्रीअँप (छोटा अँप्लिफायर) आहे, ९ व्होल्टची बॅटरी लागते. सहा_तारासाठी तो नको, कारण त्याला २५ किलोओहमचे पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या खुंटीखालचे फिरते रेझिस्टर) लागतात आणि बाकीच्या पॅसिव्ह पिकअपशी तो सहज जुळत नाही. पण तत्त्व तेच.


मालवी_मीटर

जडतार भिया, आघाताबद्दल मान्य. पण आवळलेपणा चुंबकापेक्षा जास्त करून कमी इंडक्टन्समधून येतो असं माझं मत आहे, आणि मध्यम वेढ्यांचा अल्निको पाचचा हंबकरही डीला स्वच्छ वाजतो. गरम पिकअप प्रोसेसरचं इनपुट आधीच भरून टाकतो. मग व्हॉल्यूम खाली करून स्वच्छ आवाज काढायचा म्हटलं तर तो झाकोळतो. फक्त हेवी वाजवणाऱ्याला मी तुमचाच पिकअप सुचवला असता. इथे गिटार आठवड्यातून एकदा बँडमध्ये आणि भाद्रपदात रोज गाण्यांना जाणार आहे.


सहा_तारा

पिकगार्ड उघडला. खाली ब्रिजजवळची खाच हंबकर बसेल इतकी रुंद आहे! पिकगार्डलाच फक्त सिंगल कॉइलचं भोक आहे. मधल्या आणि नेकच्या खाचा सिंगलच्या. पिकअपच्या खाली चपटं चुंबक आहे, चौथी_तार यांचा अंदाज बरोबर. तिन्ही मीटरवर ६ च्या आसपास. दोन नंबरवर गुणगुण स्पष्ट कमी होते, म्हणजे मधला उलटा आहे. ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर ५२ मिमी.

नेकचा पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेला होता. लष्करवाले काका म्हणाले तसा उतरवला. वरच्या फ्रेटवरची डुगडुग गेली! आणि सहा मीटरची केबल मित्राकडून आणून लावली, टोचणं निम्म्याने कमी झालं. नेकचा आवाज आता मला आवडायला लागला आहे.


मालवी_मीटर

उत्तम. मग नेक आणि मधला आहेत तसे राहू द्या आणि सगळे पैसे ब्रिजच्या एका हंबकरवर लावा. हंबकर, सिंगल, सिंगल अशा तयार खाचांचा पिकगार्ड मिळतो. जातीचं म्हणाल तर जुन्या पीएएफ (गिब्सनच्या पहिल्या हंबकरच्या) धाटणीचा, ८ किलोओहमच्या जवळपासचा, अल्निको पाचचा, चार तारांचा (म्हणजे जोडायच्या वायर). डंकनचा ५९ त्याच वर्गातला आहे. हंबकरचं मूळ काम गिब्सनमधल्या सेठ लव्हर यांचं. पेटंटचा अर्ज १९५५ चा, गिटारींवर १९५७ पासून. तेव्हाच्या मोजक्या वेढ्यांमुळेच तो आवाज मोकळा राहतो, आणि तुमच्या तिन्ही कामांना तो मोकळेपणा लागणार आहे.

पोलचं अंतर पाहून घ्या. गिब्सन पद्धतीचे हंबकर सुमारे ४९ मिमीचे, फेंडर पद्धतीच्या रुंद ब्रिजसाठीचे सुमारे ५३ चे. तुमच्या ५२ ला दुसरा घ्या. खाचेची खोलीही मोजा. पिकअपचे पाय तळाला टेकले तर उंची लावता येत नाही.

पॉटबद्दल : सिंगल कॉइलला २५० किलोओहम, हंबकरला ५००, ही रीत आहे. मोठा पॉट वरचे सूर जास्त सोडतो. तुमच्याकडे दोन्ही असणार, म्हणून व्हॉल्यूमला ५०० चा लॉग पॉट लावा, आणि स्विचच्या रिकाम्या बाजूवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर असा जोडा की तो फक्त सिंगल कॉइल चालू असताना जमिनीकडे (ग्राउंडला) जाईल. मग त्यांना २४२ च्या आसपासच दिसतात आणि ते पुन्हा टोचत नाहीत. टोनचा एक पॉट ओढायचा-दाबायचा घेतलात तर हंबकरची एक कॉइल बंद करता येईल. रेझिस्टर आणि साधे पॉट महाराणी रोडला मिळतील. पॉटवरचा आकडा २० टक्के इकडे-तिकडे असू शकतो, दुकानातच मीटर लावून निवडा.

शिट्टी वाजते ती पिकअप मेणात नीट बुडवलेला नसल्यामुळे. सैल वेढे आवाजाच्या धक्क्याने थरथरतात. नवा घेताना मेणात बुडवलेला आहे याची खात्री करा. जुना घरी मेणात बुडवायच्या भानगडीत पडू नका; मेण पेट घेतं आणि बॉबिनचं प्लास्टिक वाकतं.


गरबा_गिटार

उघडलंच आहे तर खाचेला तांब्याची पट्टी लावून घ्या, आणि ती पट्टी जमिनीच्या तारेला सोल्डर करा. नुसती चिकटवलेली पट्टी काही कामाची नाही. ब्रिजखालून येणारी तार तुटलेली नाही ना, तेही बघा.


सहा_तारा

बसवला. डंकनचा ५९, रुंद पोलचा. जेल रोडच्या एका मेकॅनिक काकांनी सोल्डरिंग केलं, मी शेजारी बसून तारा धरल्या. ब्रिज एकटा फार सुंदर वाजतो. बँडमध्ये तार डीला उतरवून वाजवलं, ठोके सुटे ऐकू येतात. जडतार, तू येऊन ऐकच.

एक अडचण आहे. दोन नंबरवर, म्हणजे ब्रिज आणि मधला एकत्र, आवाज एकदम बारीक आणि पोकळ येतो. खालचे सूर गायब. बाकी चारही जागा ठीक आहेत.


मालवी_मीटर

दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र लावले की हे बरेचदा होतं, पिकअपमध्ये दोष नाही. डंकनच्या चार तारांत काळी पुढे (स्विचकडे) जाते, हिरवी जमिनीला, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडलेल्या. काळी आणि हिरवी यांची अदलाबदल करा. उघडी तार मात्र जमिनीलाच राहू द्या, तिला हलवू नका. लाल-पांढरीचा जोडही आहे तसाच. डिमार्झिओत रंगांचा क्रम वेगळा असतो, तिथे लाल पुढे जाते आणि काळी-पांढरी एकमेकींना, हे पुढे वाचणाऱ्यांसाठी.

अदलाबदलीनंतर पॉट ओढून एक कॉइल बंद केलीत की आता उरणारी कॉइल दुसरी असेल. दोन नंबरवर ती मधल्या पिकअपबरोबर गुणगुण मारते का ते ऐकून कळवा.


सहा_तारा

केली. दोन नंबर भरून आला, लावणीच्या ठेक्याला हवा तसा टणत्कार आहे. कॉइल बंद केल्यावर दोन नंबरवर गुणगुण येत नाही, हंबकर पूर्ण चालू असताना थोडी येते. चौथी_तार, ब्रिजची उंची आता जाड तारेखाली २ आणि बारीक तारेखाली १.६ ठेवली आहे. ब्रिजवरून नेकवर गेलं की अजून आवाज थोडा पडतो. ब्रिज उतरवू की नेक वर घेऊ?


चौथी_तार

ब्रिज उतरवा, अर्धा-अर्धा फेरा करून. नेक वर घेतलात तर डुगडुग परत येईल. दोन्हींचा आवाज जुळवताना प्रोसेसरचा कंप्रेसर बंद ठेवा आणि ज्या जोराने मंडळात साथ करता त्याच जोराने वाजवा.